शुगरबीटच्या मुलखात : जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग गाव व परिसराची पाहणी



परदेश दौऱ्याचा वृत्तांत म्हटला की विमानातले जेवण, उंच इमारती आणि बर्फ यांचे वर्णन ठरलेले असते. ते येथे करीत नाही. ज्यांना ते हवे असेल त्यांना आमच्याबरोबर आलेले सभासद पारावर बसून रंगवून सांगतीलच, नव्हे सांगत आहेत. आम्ही पडलो शेतकी खात्याचे. बांध दिसला की उतरायचे आणि ढेकूळ हातात घेऊन फोडून बघायचे, ही सवय. ती जर्मनीत जाऊनही सुटली नाही. तेव्हा जे सांगायचे ते एका जुन्या गावाबद्दल, त्याच्या भोवतालच्या काळ्या जमिनीबद्दल आणि त्या जमिनीत येणाऱ्या आपल्या उसाच्या भाऊबंदाबद्दल, म्हणजे शुगरबीटबद्दल.

ऑक्टोबर महिन्यात, आपला गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, आम्ही सात जण या अभ्यास दौऱ्यावर गेलो. पाच सभासद, आम्ही आणि आमच्या खात्यातील एक सहकारी. भाषेची अडचण होती. मागडेबुर्ग शहरात इंजिनिअरिंगचे शिक्षण घेणारा कोल्हापूर जिल्ह्यातला एक विद्यार्थी चार दिवस आमच्याबरोबर राहिला म्हणून निभावले. मुलगा शेतकऱ्याचा. त्याला ‘खोडवा’ आणि ‘उतारा’ हे शब्द जर्मनमध्ये कसे सांगायचे हे माहीत नव्हते, पण त्याचा अर्थ काय हे माहीत होते. दुभाषाचे निम्मे काम तिथेच होते.

मागडेबुर्गहून रेल्वेने सव्वा-दीड तासात क्वेडलिनबुर्ग येते. जाक्सन-आनहाल्ट या राज्यातले हे गाव. वस्ती वीस-पंचवीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. दक्षिणेला हार्ट्झ नावाचा डोंगर, त्यातले सर्वांत उंच शिखर ब्रोकेन 1141 मीटर. डोंगरातून उतरणारी बोडे नदी गावाजवळून वाहते आणि उत्तरेकडे सगळी सपाट, काळी, कसदार जमीन. डोंगर, नदी आणि जमीन अशी तिन्हींची सोय पाहून जुन्या लोकांनी गाव वसवले. लेखी उल्लेख इ. स. 922 चा आहे.

गावात शिरल्यावर आमच्यातले आबा (वय बहात्तर, चार एकर आडसाली) एकदम थांबले आणि म्हणाले, ‘‘साहेब, ही घरं तर आपल्या कुडाचीच की हो!’’ आणि बोलणे अगदी बरोबर होते. इकडची जुनी घरे लाकडी सांगाड्याची. त्याला ते ‘फाखवेर्क’ म्हणतात. आधी जाड लाकडाचे खांब, तुळया, तिरके टेकू असा पिंजरा उभा करायचा. मग मधल्या रिकाम्या चौकटी काठ्यांनी विणून त्यावर माती आणि गवताचा काड कालवून लिंपायचे, किंवा विटा भरायच्या. लाकूड बाहेरून उघडे ठेवायचे आणि मधला भाग रंगवायचा. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला, त्यामुळे गल्लीत उभे राहिले तर दोन्ही बाजूंची घरे वर एकमेकांना कानगोष्ट सांगत आहेत असे वाटते. अशी घरे या गावात एक हजारावर आहेत. वोर्ड गल्लीतले एक घर तर चौदाव्या शतकातले. त्यात आता या बांधकामाचे संग्रहालय केले आहे. आपल्याकडे कूड म्हणजे गरिबी, म्हणून आपण तो पाडून स्लॅब घातला. त्यांनी त्याच मालमसाल्यात तीन-तीन मजले चढवले आणि सहा-सहाशे वर्षे टिकवले. पाऊस लाकडाच्या बुंध्याशी मुरू द्यायचा नाही, एवढीच त्यातली खरी विद्या, असे तिथल्या एका सुताराने सांगितले.

गावाच्या कडेला वालुकाश्माचा एक खडक आहे, त्यावर किल्लेवजा वाडा आणि सेंट झेर्वाटिउसचे चर्च. येथे हाइनरिख पहिला या राजाची समाधी आहे. तो 936 साली वारला. त्याची राणी माटिल्डा हिने त्याच वर्षी मुलाच्या, म्हणजे ओट्टो पहिल्याच्या, मदतीने येथे स्त्रियांचा मठ काढला. पुढे हा मठ 1803 पर्यंत चालला आणि या साडेआठशे वर्षांपेक्षा जास्त काळात गावावर सत्ता मठाच्या प्रमुख बाईंची होती. साधेसुधे मठ-मंदिर नव्हे. बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा हक्क 994 साली येथे मिळाला. म्हणजे मार्केट यार्ड, टांकसाळ आणि जकात नाका, तिन्ही बाईंच्या हाती. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेला महिला सभासद येतात, सही करतात आणि मागच्या रांगेत बसतात. हे येथे लिहायचे कारण नाही, पण त्या किल्ल्यावर उभे असताना आठवले खरे.

सत्ता म्हटली की भांडण आलेच. गावच्या व्यापाऱ्यांना वाटू लागले की आपला कारभार आपण करावा. बाजार चौकात नगरपालिकेच्या इमारतीला लागून रोलांड नावाच्या वीराचा दगडी पुतळा आहे, तो स्वतंत्र गावाची खूण. 1477 साली गाव मठप्रमुख हेडविग बाईंच्या विरोधात गेले. बाई राजघराण्यातल्या, त्यांच्या भावांनी फौज पाठवली, गाव नमले आणि रोलांड पाडून टाकला. तो पुन्हा उभा राहिला 1869 मध्ये. जवळजवळ चारशे वर्षे पुतळ्याचे तुकडे कोणीतरी जपून ठेवले, याचे आम्हांला जास्त नवल वाटले.

याच गावात 1715 साली डोरोथेआ एर्क्सलेबेन जन्मली. वडील डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शिकली. राजाची खास परवानगी मिळवली आणि मुलेबाळे सांभाळून 1754 मध्ये हाले विद्यापीठाची वैद्यकीची डॉक्टरेट घेतली. जर्मनीतली ती पहिली स्त्री. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तिचे घर पाहताना आमच्यातल्या एका सभासदाने आपल्या नातीचा फोटो काढून दाखवला. नात बी. ए. एम. एस. करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग रशियाच्या ताब्यात गेला आणि 1990 पर्यंत पूर्व जर्मनीत होता. त्या काळात जुन्या घरांकडे कोणी पाहिले नाही. छपरे गळू लागली, माणसे नव्या सिमेंटच्या चाळींत गेली. जुने गाव पाडून नवे बांधायचे असा बेतही झाला होता. तो पुरा झाला नाही याचे मोठे कारण तिजोरीत पैसा नव्हता! पैसे नसल्यामुळे वाचलेले गाव आम्ही पहिल्यांदाच पाहिले. 1980 च्या सुमारास पोलंडमधील तोरुन येथले कारागीर दुरुस्तीला आले होते. 1994 मध्ये चर्च, किल्ला आणि जुने गाव हे सगळे मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता प्रवासी लोटतात. येथून हार्ट्झ डोंगरात मीटरगेज रेल्वे जाते, काही गाड्यांना अजून कोळशाचे वाफेचे इंजिन असते. आपल्या मिरज-पंढरपूर गाडीची आठवण असलेल्या मंडळींनी खिडकीतून डोके बाहेर काढून डोळ्यांत राख घालून घेतली. डोंगरावरचे जंगल मात्र पाहवत नाही. 2018 पासूनचा दुष्काळ आणि त्यामागून आलेला खोडकिडा यांनी स्प्रूसची झाडे डोंगरच्या डोंगर वाळवली आहेत. राखाडी सांगाडे नुसते उभे.

जेवणाबद्दल एवढेच, की बटाटा आणि पाव भरपूर. हार्ट्झ भागातले एक चीज आहे, त्याचा वास बैलाच्या गोठ्यापेक्षा उग्र. आमच्यातल्या एका धाडसी सभासदाने खाल्ले. बाकीचे लांब बसले.

बियाण्याचे गाव

आता आपल्या विषयाकडे येतो. क्वेडलिनबुर्गची खरी कमाई राजे-राण्यांची नव्हे, बियाण्याची. डोंगराच्या आडोशामुळे येथे पाऊस कमी आणि हवा कोरडी, जमीन कसदार. बी धरायला आणि वाळवायला यासारखी जागा नाही. एकोणिसाव्या शतकात गावाभोवती फुलांच्या आणि भाज्यांच्या बियाण्याची शेते पसरली. 1850 मध्ये दोघा डिप्पे बंधूंनी काढलेली कंपनी पुढे जगातील मोठ्या बियाणे कंपन्यांपैकी एक झाली, त्यात शुगरबीटचे बीही होते. युद्धानंतर ती सरकारजमा झाली. परंतु गावाने विद्या सोडली नाही. लागवडीखालील पिकांवर संशोधन करणारी जर्मन सरकारची युलिउस क्यून संस्था हिचे मुख्यालय आज येथेच आहे. आपल्याकडे मांजरीला वसंतदादा इन्स्टिट्यूट आणि कोइमतूरला ऊस पैदास केंद्र, तशी येथे ही संस्था समजा.

युलिउस क्यून (1825–1910) हे हालेचे प्राध्यापक. त्यांचे नाव आपल्या प्रत्येक ऊस उत्पादकाने ऐकावे असे आहे, आणि त्याचे कारण असे. शुगरबीटमध्ये साखर आहे हे बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने 1747 मध्ये दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने 1801 मध्ये सायलेशियातील कुनेर्न येथे पहिला बीट साखर कारखाना काढला. मग नेपोलियनने 1806 मध्ये इंग्लंडच्या मालाला युरोपची दारे बंद केली, बेटांवरची उसाची साखर येईना, आणि बीटाला भाव आला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या मुलखात गावोगाव कारखाने निघाले. शेतकऱ्याला वाटले, हे सोन्याचे पीक. गहू कशाला, बार्ली कशाला? बीटावर बीट, बीटावर बीट. आणि मग उत्पादन घसरू लागले. खत वाढवले तरी घसरले. पाने पिवळी पडायची, कंद वाढायचा नाही. लोक म्हणू लागले जमीन ‘बीटाला कंटाळली’. जर्मनमध्ये खरोखर असाच शब्द आहे. काही कारखाने त्यात बुडाले.

कारण होते सूत्रकृमी. हेर्मान शाख्ट यांनी 1859 मध्ये तो बीटाच्या मुळांवर पाहिला. क्यून यांनी जमिनीच्या या कंटाळ्याचे मूळ त्या सूत्रकृमीत आहे हे प्रयोगांनी पटवले आणि उपाय शोधले. मुख्य उपाय एकच, फेरपालट. आज तेथे एका शेतात बीट तीन ते चार वर्षांतून एकदा. मधल्या काळात गहू, बार्ली, मोहरी वर्गातले पीक. त्यातही सूत्रकृमीला रोखणारे मोहरीचे खास वाण हिरवळीचे खत म्हणून पेरतात.

हे ऐकत असताना आमच्या गटातले सगळे सभासद एकमेकांकडे बघत होते. आपल्या कार्यक्षेत्रात किती गट नंबर असे आहेत, जेथे वीस-पंचवीस वर्षांत उसाशिवाय दुसरे पान उगवलेले नाही? लागण, खोडवा, निडवा, की पुन्हा लागण. एकरी साठ टनांवरून चाळीसवर आले की म्हणायचे ‘‘बेणं बिघडलं’’. आम्हीही ते वाक्य शेतकी ऑफिसात रोज ऐकतो. बेणे बिघडते, नाही असे नाही. पण जमीनही कंटाळते.

काळी जमीन, थोडा पाऊस

क्वेडलिनबुर्गहून उत्तरेकडे गेले की मागडेबुर्ग ब्योर्डे नावाचा सपाट प्रदेश लागतो. जर्मनीतली सर्वांत कसदार जमीन ही. 1934 च्या कायद्याने तेथे साऱ्या शेतजमिनींना गुण देण्यात आले, तेव्हा शंभरपैकी शंभर गुणांची जमीन म्हणून याच ब्योर्डेमधल्या आइकेनडोर्फ गावचा नमुना धरला. आम्ही ढेकूळ फोडले. रंग आपल्या काळ्या रानासारखा, पण गुण वेगळा. आपली काळी बेसॉल्ट खडकापासून झालेली, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्यांची वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक गाळाची, रवाळ. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावले की सुटतो. सेंद्रिय कर्ब भरपूर, कारण थंडीमुळे तो जळत नाही.

पाऊस वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर. आकडा ऐकून आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या सभासदाचा विश्वास बसेना. ‘‘एवढा तर आमच्यात पण पडतो!’’ पडतो, पण तो चार महिन्यांत, त्यातही चार रात्रींत. तिथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन कोवळे असल्याने उडून जात नाही. बहुतेक बीट पाटाच्या पाण्याशिवाय येते. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी, सप्टेंबरपासून काढणी. हेक्टरी साधारण 70 ते 80 टन कंद आणि साखर 17-18 टक्के. हिशेब करून पाहा. 75 टन आणि साडेसतरा टक्के धरले तर शेतावरची साखर हेक्टरी 13 टन. कारखान्यातली घट वजा केली तरी 11 टनांच्या आसपास पोत्यात जाते, तीही सहा-सात महिन्यांत. आपला ऊस हेक्टरी 85 टन आणि उतारा साडेदहा धरला तर साखर 9 टनांच्या आत, त्याला बारा ते अठरा महिने आणि पाणी किती ते सांगायला नको.

म्हणून काय उद्या ऊस मोडून बीट लावायचे? मुळीच नाही. आपल्याकडे उष्ण हवेत येणाऱ्या बीटाचे प्रयोग 2000 नंतरच्या दशकात झाले, ते पसरले नाहीत. शिवाय बीटाला बगॅस नाही. आपल्या कारखान्याचा बॉयलर उसाच्याच भुशावर चालतो आणि वर वीजही विकतो. बीट कारखान्याला कोळसा किंवा गॅस विकत घ्यावा लागतो. बीट धुऊन त्याच्या लांब पट्ट्या कापतात, त्या सुमारे 70 अंशांच्या गरम पाण्यातून फिरवून साखर ओढून घेतात. चोथा उरतो तो दाबून, वाळवून जनावरांचे खाद्य होते. रस साफ करायला चुन्याची निवळी आणि कार्बन डायऑक्साइड, पुढे आपल्यासारखेच बाष्पीभवन आणि पॅन. चुन्याचा गाळ पुन्हा शेतात जातो. आपल्या प्रेसमडचा हा चुलतभाऊ.

क्लाइन वान्झलेबेन हे या भागातले गाव साखर कारखानदारांना पंढरपूर वाटावे असे. येथे 1838 मध्ये शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी भागभांडवल घालून कारखाना काढला. कारखान्याबरोबर बीटाची निवडही सुरू झाली. कंद निवडायचा, तुकडा काढून रस तपासायचा, गोड असेल तोच बियाण्याला ठेवायचा, असे पिढ्यान् पिढ्या चालले. येथले बीट जगभर गेले आणि पुष्कळ देशांच्या वाणांचे पूर्वज ठरले. 1945 मध्ये रशियन फौज येण्यापूर्वी इंग्रजांनी या बियाणे कंपनीची माणसे व बी पश्चिमेकडे आइनबेक येथे हलवले. ती कंपनी आज तेथेच आहे, नावात मात्र जुन्या गावाची अक्षरे राहिली आहेत. गावात 1994 मध्ये उभारलेला नवा कारखाना चालतो.

पैसा आला की वाडे उठतात. ब्योर्डेतल्या खेड्यांमध्ये अजून मोठमोठे तीन मजली बंगले दिसतात, त्यांना लोक ‘बीटाचे महाल’ म्हणतात. आणि गावाच्या कडेला लांबट, बुटक्या, छोट्या खिडक्यांच्या बराकी. त्या कोणाच्या? बीट खुरपायला आणि काढायला दर हंगामाला पूर्वेकडून, पोलंडकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांच्या. त्या काळी एका बियातून तीन-चार रोपे उगवत, ती हाताने विरळ करावी लागत. बायका, पोरी दिवसभर वाकून हे काम करीत. आज एका बियाला एक रोप येते, बी गोळीसारखे मढवलेले असते आणि सहा ओळी एकदम काढणारे यंत्र एक माणूस चालवतो. बराकी ओस आहेत. आमच्या मनात मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या, त्यांच्या कोप्या आणि पहाटे तीनला सुटणाऱ्या बैलगाड्या आल्या. ऊसतोड यंत्रे आपल्याकडेही वाढत आहेत. पण महालांचे फोटो सगळ्यांनी काढले आणि बराकींचा फोटो त्या विद्यार्थ्याने काढला, हेही नोंदवतो.

सहकार दोन प्रकारचा

आम्ही ज्यांच्या शेतावर गेलो ते साठीचे शेतकरी एका शेती सहकारी संस्थेचे सभासद. त्या भागातली हकिकत अशी. 1945 मध्ये शंभर हेक्टरवरची जमीन सरकारने काढून घेऊन भूमिहीनांना व निर्वासितांना वाटली. 1952 पासून त्याच शेतकऱ्यांना सामुदायिक शेती संस्थेत आणायला सुरुवात झाली आणि 1960 च्या वसंतापर्यंत जवळजवळ सर्वांना आत घेतले. राजीखुशीने कमी, दडपणाने जास्त. आमच्या यजमानांच्या वडिलांनी सही करायला दोन वर्षे नकार दिला. रोज संध्याकाळी गाडीवर भोंगा लावून घरापुढे भाषण चाले. शेवटी सही केली आणि दुसऱ्या दिवशी बैल नेले. ‘‘वडील त्यानंतर गोठ्यात गेलेच नाहीत,’’ एवढेच ते बोलले. दुभाषा पोरगाही थोडा वेळ थांबला.

1990 मध्ये कायदा बदलला. ज्याला जमीन घेऊन बाहेर पडायचे त्याला मुभा मिळाली. तर गंमत अशी, की हे गृहस्थ बाहेर पडले नाहीत. त्यांनी व इतरांनी मिळून संस्था नव्याने नोंदवली, आता स्वतःच्या मर्जीने. हजार हेक्टरांवर जमीन एकत्र, यंत्रे एकत्र, सभासदाला जमिनीचा खंड आणि नफ्यात वाटा. आम्ही विचारले, वडिलांना जे नको होते तेच तुम्ही केले? ते म्हणाले, वडिलांना एकत्र शेती नको होती असे नाही, त्यांना विचारले गेले नाही याचा राग होता.

कारखाने मात्र गेले. पूर्व जर्मनीच्या काळात छोटे-छोटे कारखाने पुष्कळ होते. 1990 नंतर जुनी यंत्रसामग्री टिकेना, एकामागून एक बंद झाले. आज जाक्सन-आनहाल्टमध्ये तीनच चालतात. क्लाइन वान्झलेबेनचा कारखाना ज्या कंपनीचा आहे तिचे बहुतांश भाग बीट उत्पादकांच्या संस्थांकडे आहेत, दक्षिणेकडच्या मोठ्या कंपनीतही उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा निम्म्याहून जास्त वाटा आहे. म्हणजे मालक शेतकरीच. तरी तोट्यातले कारखाने बंद करायचा ठराव मालक शेतकऱ्यांच्याच बोर्डाला करावा लागला.

दराचे ऐका. युरोपात 1968 पासून साखरेला कोटा होता आणि बीटाला किमान दर होता, शेवटी टनाला 26.29 युरो. तो 30 सप्टेंबर 2017 ला संपला. तेव्हापासून आपल्या एफ. आर. पी. सारखा कायद्याचा आधार त्यांना नाही. पुढे दोन वर्षे भाव पडले, 2022 नंतर चढले, पुन्हा पडले. शिवाय नवा रोग आला आहे. तुडतुड्यासारखा एक कीटक एक जिवाणू आणि फायटोप्लाझ्मा पसरवतो, त्याने कंद रबरासारखा लिबलिबीत होतो आणि साखर उतरते. (आपल्या उसातला गवताळ वाढीचा रोगही फायटोप्लाझ्माचाच.) हा रोग 2008 मध्ये नैर्ऋत्य जर्मनीत प्रथम दिसला, तो आता या भागातही पोचला आहे आणि बटाट्यावरही जातो. क्वेडलिनबुर्गच्या संस्थेत त्यावर काम चालू आहे. आमच्या यजमानांच्या मुलाने संस्थेच्या बैठकीत बीटाचे क्षेत्र निम्मे करण्याचा विषय मांडला आहे. बाप-लेकांचे यावर एकमत नाही, हे आमच्या देखत दिसले. निर्णय हिवाळ्याच्या सभेत होणार होता.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो कारखान्याच्या गेटवरच्या पद्धतीविषयी माहिती घेण्यात. प्रत्येक शेतकऱ्याच्या बीटाचा नमुना घेतात. धुतात, मातीचे वजन वजा होते, डेखे वजा होते, मग लगदा करून साखर मोजतात. शिवाय पोटॅशियम, सोडियम आणि अमिनो नत्र मोजतात, कारण हे घटक साखरेचे दाणे होऊ देत नाहीत. आणि पैसे त्या शेतकऱ्याच्या साखरेवर. ज्याने हौसेने युरिया ओतला त्याचा कंद मोठा होतो, नत्र वाढते, साखर कमी आणि बिलही कमी. त्यामुळे तेथे नत्राचा जास्तीचा डोस कोणी सल्ला न देताच टाळतो.

आपल्याकडे दर सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. चौदा महिन्यांचा पक्व, पाचट काढलेला ऊस आणि दहा महिन्यांचा हिरवा, वाढ्यासकट ऊस, दोघांना टनाला तोच दर. जो नीट करतो तो, न करणाऱ्याचे भरतो. प्रत्येक खेपेचा नमुना काढणे आपल्या हजारो छोट्या सभासदांत अवघड आहे, हे मान्य. आमचे मत असे आहे की निदान गटवार उतारा काढून तो नोटीस बोर्डावर लावावा. पैशात फरक लगेच पडणार नाही, पण कोणत्या गटाचा ऊस काय देतो हे सर्वांना कळेल. काही सभासदांना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

आणखी एक. त्यांचे बीट काढल्यावर बांधावर ढीग घालून, थंडीत वरून कापड टाकून, आठवडे पडले तरी चालते. आपला ऊस तोडल्यापासून चोवीस तासांनंतर साखर गमवायला लागतो. थंडी आपण आणू शकत नाही. तोडीची चिठ्ठी आणि वाहन यांचा मेळ घालणे मात्र आपल्या हातात आहे. वाहन नक्की झाल्याशिवाय कोयता लावू नये, हे यंदाही प्रत्येक गट ऑफिसला कळविले आहे.

दौऱ्यातले फोटो, तेथील फेरपालटाचा तक्ता आणि नमुना तपासणीची माहिती मराठीत करून शेतकी ऑफिसात ठेवली आहे. बीटाचे बी आणले का असे पुष्कळांनी विचारले. नाही आणले, तशी परवानगी नसते. पोक्का बोएंग आणि हुमणीच्या चर्चेसाठी गटवार बैठका ठेवल्या आहेत, त्याच बैठकीत हे फोटो दाखवू. आबा येणार आहेत आणि त्यांनी आपल्या चार एकरांपैकी एक एकरात यंदा खोडवा न ठेवता हरभरा करायचे ठरवले आहे. त्यांचे रान रस्त्याकडेलाच आहे, जाता-येता पाहता येईल.